टोपलीवाचून ठमाबाई

महाशिवरात्रीच्या सकाळी ठमाबाईच्या चुलीवर रताळी शिजत होती, आणि चुलीपुढे बसलेली ठमाबाई त्यांच्याहून जास्त शिजत होती. कारण काही नवं नव्हतं. दर शिवरात्रीला तिचं असंच व्हायचं. उजाडल्यापासून कोपरीतल्या बायका धुवट लुगडी नेसून, पोरं काखेला मारून, रुळांपलीकडे ठाण्याला निघायच्या. कौपिनेश्वराच्या जत्रेला. जाताना एकेक जण तिच्या अंगणाशी थांबून विचारायची, "ठमाबाय, येतंस काय गो?" येणार नाही हे माहीत असायचं, म्हणूनच विचारायच्या. तीही हसून म्हणायची, "तुमी व्हा पुढं." आणि त्या वळल्या की चुलीतलं लाकूड असं काही आत ढकलायची की ठिणग्या थेट तुळईकडे उडायच्या.

मागल्या पडवीत तिचा नवरा नाथा दोर भिजवून पिळत बसला होता. तो उघाडीचा दोर. मिठाचं आगर खाडीच्या पाण्यावर जगतं, आणि खाडीचं पाणी पुरतं चढतं ते अमावास्या-पुनवेच्या उधाणाला. तेव्हा बांधातली लाकडी फळी दोराने वर ओढायची, पाणी आगरात घ्यायचं, आणि भरती थांबली की ओहोट लागायच्या आत फळी खाली टाकायची. हीच उघाडी. टाकायला उशीर झाला, तर आलेलं पाणी बांधाची माती घेऊन माघारी जातं. आता शिवरात्र पडते अमावास्येच्या तोंडावर. म्हणजे ठाण्यात भर दुपारी जत्रा फुलते, त्याच भर दुपारी खाडीही फुगते. सगळ्या आगराला उघाडी एक, ती सांभाळायची नाथाच्या घराने. फळी ओढायची नाथाने. आणि शिवरात्रीच्या पाण्याला नारळ द्यायचा, मग बांधावर उभं राहून "आलं" नि "थांबलं" अशी पाण्याची हाक द्यायची ती त्या घरच्या थोरल्या सुनेने. मोठा मान होता. ठमाबाई लग्न होऊन आली त्या वर्षापासून अठरा वर्षं तो मान भोगत होती आणि अठरा वर्षं महादेवावर दात खात होती.

रताळ्यात काटकी खुपसून बघते तोच दारावर टकटक झाली.

कोपरीत दारावर टकटक कोणी करत नसे. माणूस अंगणातूनच हाक घालत यायचं. नाही तर खाकरायचं. शिपायाबिपायाचंच काम असणार म्हणून ठमाबाईने पदर सारखा केला आणि ओरडली, "कोन तो? दार उघडंच हाय, फोडतो कनाला?"

"मी हाय बाय. लक्षुमी."

दारात तिची धाकटी जाऊ उभी होती आणि दारावर वाजली होती ती तिच्या छत्रीची मूठ. काळ्या कापडाची छत्री. माघ महिन्यात! मागे काळुराम, ठमाबाईचा दीर, नवीन वहाणा हातात घेऊन चिखल चुकवत येत होता.

काळुराम कल्याणला रेल्वेत आगवाला होता. इंजिनात कोळसा टाकायचं काम. मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी आली त्याला तेव्हा तीस-बत्तीस वर्षं झाली होती आणि आगर सोडून तिच्या मागे गेलेला त्या घरातला तो पहिला. नवराबायको कल्याणला रेल्वेच्या खोल्यांत राहत. दर शिवरात्रीला ती दोघं पहिल्या गाडीने ठाण्याला उतरत, दिवसभर जत्रा करत, आणि परतीच्या वाटेवर संध्याकाळी कोपरीला येऊन बत्ताशांची पुडी ठेवत. मग लक्ष्मी पाय पसरून बसायची आणि सांगत सुटायची. सैरबिनीच्या चित्रपेटीला डोळा लावून कुठलंसं शहर पाहिलं. बांगड्या भरल्या. मासुंदा तळ्याच्या पायरीवर तासभर बसून हरभरे खाल्ले.

बांगड्यांचं ठमाबाईला काही वाटत नसे. सैरबिनीचंही नाही. पण तो तासभर! ठाणं तिला का नवं होतं? आठवड्यातून चार दिवस डोक्यावर मिठाची टोपली घेऊन ती ठाण्यात फिरायची. महागिरीपासून टेंभी नाक्यापर्यंत कुठल्या घरचं कुत्रं चावतं आणि कुठल्या घरची सासू, हे तिला पाठ होतं. आणि ही कल्याणची बया वर्षातून एकदा येऊन तिच्या ठाण्यात तासभर बसून जाते! तो तास आपल्या पदरातून कोणी काढून नेल्यासारखा तिला सलायचा.

"सरळ जत्रंला नाय गेलात?" ठमाबाईने विचारलं. आवाजात साखर होती, पण तळाला.

"तुमीच सांगा," असं काहीतरी पुटपुटत लक्ष्मीने नवऱ्याकडे पाहिलं. नाथा पडवीतून आत आला होता, आणि नाथा तिचा भासरा, थोरला दीर. त्याच्यासमोर ती डोकीवरून पदर ओढून भिंतीला लागायची. आजवर त्याच्याशी ती एक शब्द बोलली नव्हती.

काळुराम हसला. "वयनी, या वर्साला नारळ ही देतंय म्हणतं. तुमी जा जत्रंला."

ठमाबाईच्या हातातली काटकी मोडली.

"म्हंजे?"

मग नाथा बाहेर गेल्यावर लक्ष्मीच बोलली. "बाय, रागावू नको. तिथं रेलवेच्या खोलीत मना कोन वळखतंय? 'तीन नंबर' म्हणतात. तीन नंबरची बाय, पानी भर. तीन नंबरची बाय, तुझा धूर आमच्यात येतोय. इथं तू नारळ घेऊन बांधावर उभी रायलीस की सगळं आगर तुझ्या तोंडाकडं बगतं. मी जत्रंत फिरतो नि मना वाटतं, आता बाय हाक देत असंल. एक वर्स. एकच."

आपल्याकडे बघून कोणी जळत असेल हे ठमाबाईच्या स्वप्नातही नव्हतं. क्षणभर तिला बरं वाटलं. मग लगेच नारळावरचा आपला हात आणखी घट्ट झाल्यासारखा वाटला.

"तुना जमायचं नाय. पानी थांबलं ते डोळ्याला दिसत नाय, पोटाला कळतं."

"मी याच घरातून गेलोय गो कल्याणला. चार वर्सं तुझ्या मागं उभी व्हतो ना बांधावर?"

"नि भासऱ्याला हाक कशी देशील? तोंड उघडशील?"

काळुराम म्हणाला, "ते बगू आमी. वयनी, तुमी निघा. नाय तर जन्मभर आमच्या बत्ताशांकडं डोळं वटारून बगाल."

"मी कवा डोळं वटारलं?" ठमाबाई म्हणाली. पण वटारूनच म्हणाली, त्यामुळे नाथासुद्धा बाहेरून हसला. ते हसू तिला लागलं. उठली, लुगडं बदललं, दोन रताळी फडक्यात बांधली आणि निघाली.

रुळांच्या अलीकडे मिठाची चौकी होती. मीठ सरकारच्या जकातीचं. चिठ्ठीशिवाय एक टोपली पुढे सरकत नसे. चौकीवरच्या शिपायाने सवयीने हात पुढे केला. "चिठ्ठी?"

"आज टोपली नाय दादा."

शिपायाने तिच्या डोक्याकडे पाहिलं. "मग ते काय?"

ठमाबाईने हात वर नेला. डोक्यावर, पदराच्या खाली, टोपलीखालची कापडाची चुंबळ बसलेली. कधी घेतली, कशी घेतली, देव जाणे. घराबाहेर पडताना हाताने आपलं काम केलं होतं. शिपाई इतका हसला की चौकीतला दुसरा बाहेर आला. तिने चुंबळ उपसून कमरेला खोचली आणि तरातरा रूळ ओलांडले.

आणि मग ठमाबाई ठाण्यात फिरली. फिरली म्हणजे कशी? डोक्यावर वीस शेर मीठ असताना बाई जशी चालते तशी. मान ताठ, नजर दहा पावलं पुढे, पाय भरभर. ओझं असलं की थांबून चालत नाही. थांबलं की मान भरून येते. चेंदणीतून वर, मग महागिरी, मग बाजार, मग खारकर आळी. आळीत शिरल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण घरांच्या पुढच्या अंगाने जातच नाही आहोत. पाय आपोआप बोळात वळले होते. तिचं ठाणं म्हणजे परसदारांचं ठाणं. विहिरी, राखेचे ढीग, वाळत घातलेली लुगडी. पुढून ही घरं कशी दिसतात हे तिने कधी पाहिलंच नव्हतं, आणि आजही पाहिलं नाही.

वकिलांचं घर तिच्या मिठाचं नेहमीचं; परसात मालकीण रंगूबाई उभ्या होत्या. सोवळ्यातच.

"अगं ठमे! बरी देवासारखी आलीस. गडी जत्रेला पळाला मेला. एवढ्या गोवऱ्या जरा भिंतीशी रचून दे. आज पाहुणे आहेत फराळाला."

ठमाबाईने काही विचार केला नाही. पदर खोचला, वाकली, एक ओळ रचली, दुसरी रचली. तिसऱ्या ओळीला तिच्या कानावर मंदिराकडून ढोलाचा आवाज आला आणि हातातली गोवरी हातातच राहिली.

"बाईसाहेब, मी आज नाय आले."

"म्हणजे?" रंगूबाई म्हणाल्या. "मग ही कोण उभी आहे माझ्यासमोर?"

"ती मी हाय. पण मी आज नाय आले. मीठ आनलं तर मी आले. आज मी जत्रंला गेलेय."

"अगं, उपासाने डोकं फिरलं की काय तुझं?"

गोवरी खाली ठेवून ठमाबाई निघाली. पाठीमागे रंगूबाई कोणालातरी सांगत होत्या, "ऐकलंस का, ही म्हणे जत्रेला गेलीय!" तिलाही ते ऐकून जरा हसू आलं. त्या दिवसातलं तिचं स्वतःचं म्हणावं असं ते पहिलं हसू.

देवळापाशी माणसांचा चिखल होता. रांगेत तिला मागच्यांनी ढकललं, पुढच्यांनी तुडवलं, आणि पिंडीपाशी पोचली तेव्हा पुजाऱ्याने "चला, चला" म्हणून बाहेर काढलं. देवाने तिला पाहिलं असलं तर असो. तिला काही देव दिसला नाही. मग बांगड्यांची पालं, खेळण्यांची गाडी, सैरबिनीवाला. सगळं तिने बघितलं, पण चालता चालता. सैरबिनीवाला ओरडत होता, "बसा बाई, बसून बघा!" ती म्हणाली, "बगितलं, बगितलं."

तळ्याशी येऊन सूर्याकडे पाहिलं तर जेमतेम अकरा वाजले असतील. जत्रा झाली होती. सगळं ठाणं झालं होतं. अठरा वर्षं ज्याच्यासाठी ती जळली ते सगळं तिने दोन तासांत, टोपली रिकामी करून घरी परतायच्या वेगाने, उरकून टाकलं होतं.

आता बसायचं. लक्ष्मी बसते तशी. ती पायरीवर बसली. गुडघे पोटाशी घेतले. मग पसरले. लाज वाटली, पुन्हा घेतले. शेजारी एक बाई पोराला पाण्यातले मासे दाखवत होती. पलीकडे तीन जणी कोणाच्या तरी सुनेची टवाळी करत निवांत रताळी सोलत होत्या. त्यांची जीभ चालायची, मग हात थांबायचे. हात चालले की जीभ थांबायची. काहीच पुढे सरकत नव्हतं आणि कोणाला घाई नव्हती. कशा बसल्यात मेल्या, ठमाबाईच्या मनात आलं. यांना हे कोणी शिकवलं?

तिनेही एक रताळं काढलं आणि तीन घासांत संपवलं.

समोर मासुंद्याचं पाणी. ठमाबाईने आयुष्यात पाणी पाहिलं ते कामाचं. येणारं किंवा जाणारं. हे पाणी नुसतं पडून होतं. भरती नाही, ओहोट नाही, कोणाला हाक द्यायची नाही. त्या पाण्याचासुद्धा तिला हेवा वाटला. आणि पाण्याकडे बघता बघता डोळ्यांसमोर उभा राहिला तो बांध. ऊन डोक्यावर आलं होतं. खाडी भरत आली असेल. लक्ष्मी आपल्या जागेवर उभी असेल. आपल्या दगडावर! त्या दगडावर आपल्या टाचेचा खळगा पडलाय, त्यात आता तिची टाच. नारळ फोडायच्या आधी पाणी डोळ्याला लावायचं असतं, लावलं असेल का? नसेलच लावलं.

मग दुसरा विचार आला, आणि तो गोड होता. हाक कशी देणार ती? भासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही. पाणी थांबेल, ही पदर चावत उभी राहील, नाथा दोर धरून वाट बघेल, आणि ओहोट लागेल. बांधाची माती जाईल. सगळं आगर म्हणेल, थोरली असती तर असं झालं नसतं.

ठमाबाई त्या विचाराच्या चवीत क्षणभर तशीच बसून राहिली. मग तिच्या अंगावर काटा आला. आपलाच बांध फुटावा असं आपण मनात आणलं? तो बांध नाथाने दिवाळीपासून एकट्याने बांधत आणला होता. शिवरात्रीच्या दिवशी, देवाच्या दारात बसून आपण हे मागितलं? देव ऐकतोही कधी कधी, नको ते नेमकं.

ती उठली आणि सुटली. पडत, धडपडत, येणाऱ्या गर्दीच्या उलट. रूळ ओलांडले. चौकीवरचा शिपाई ओरडला, "काय ठमाबाई, झाली जत्रा?" तिने मान वळवली नाही. बांधावर पोचली तेव्हा तिच्या तोंडाला फेस आला होता.

आगर पाण्याने काठोकाठ भरलं होतं. फळी पडली होती. बांध जागच्या जागी होता.

उघाडीच्या तोंडाशी, नाथाला समोर दिसेल अशी, लक्ष्मी गुडघ्याएवढ्या चिखलात उभी. नवं लुगडं पार मातीत गेलेलं. हातात नारळाबरोबरच्या ओटीचा लाल खण, अजून उंच धरलेला. काळुराम बांधावर पोट धरून हसत होता, आणि नाथा, जो अठरा वर्षांत उघाडीवर कधी दातसुद्धा दाखवत नसे, तो नाथा दोराला टेकून हसत होता.

"वयनी, बगा बगा!" काळुराम ओरडला. "बोलायचं नाय तर काय करायचं? म्हटलं, आमच्या लायनीवर लाल दिसलं की गाडी थांबते. ही तशी उभी रायली. पानी थांबलं नि हिनं लाल वर केला. भाऊनं फळी सोडली ना धाडकन!"

"उघाडीचं टेसन केलं," नाथा म्हणाला. आणि पुढे म्हणाला ते म्हणायला नको होतं. "नजर मात्र पक्की हाय. फळी एवढी येळेवर कवा पडली नव्हती."

ठमाबाईला कोणीतरी चिमटीने काळीज धरल्यासारखं झालं. अठरा वर्षं तिने घसा फोडून हाक दिली होती.

"ओटीचा खण फडकावलास?" ती म्हणाली. "देवाचा खण?"

हसणं थांबलं. लक्ष्मीने खण खाली घेतला, कपाळाला लावला.

"पानी डोळ्याला लावलंस?"

"लावलं बाय."

"नारळाची शेंडी कुठं टाकलीस?"

"टाकली नाय. फडक्यात बांधून ठेवलेय, तू ठेवतंस तशी."

विचारण्यासारखं आणखी काही उरलं नाही. लक्ष्मी चिखलातून पाय उपसत वर आली. नाथा दोर घेऊन पलीकडे गेल्यावर तिने पदर मागे केला. तिचं तोंड उन्हाने आणि आनंदाने लाल झालं होतं. ठमाबाईचा हात धरून ती खाली बसली, बांधावर, तिच्या त्या जुन्या पद्धतीने, पाय ऐसपैस पसरून.

"आता तू सांग बाय. दर वर्साला मीच सांगतो. काय काय बगितलंस?"

ठमाबाईने तोंड उघडलं. काय सांगायचं? परसदारं? रंगूबाईंच्या गोवऱ्या? पुजाऱ्याचं "चला, चला"? ती ठाण्यात गेली होती आणि तिच्याकडे सांगायला एक गोष्ट नव्हती. लक्ष्मी वाट बघत होती. खोटं सांगता आलं असतं. लक्ष्मीच्याच मागल्या वर्षीच्या गोष्टी उलट्या करून सांगता आल्या असत्या.

"काय नाय बगितलं," ती म्हणाली. "दोन तासांत सगळं फिरलो नि पळत आलो. तळ्याव बसलो, तर बसता येईना. सगळं ध्यान इकडं. तू चुकावी म्हणून बसलो होतो, खरं सांगतो."

लक्ष्मी हसली नाही. "मी पन," ती हळूच म्हणाली. "तुला ठाणं आवडू नये असंच वाटत व्हतं मना. मग वाटलं, तसं झालं तर पुढल्या वर्साला नारळ तू मना कशी देशील?"

कोंडलेलं पाणी उन्हात संथ झालं होतं. काळुराम दुरून हाका मारत होता, गाडीची वेळ होईल म्हणून. लक्ष्मीने छत्री उचलली, लुगड्याचा चिखल झटकला, आणि उठायला लागली. तेव्हा ठमाबाईने तिचा पदर धरला.

"लक्षुमी, अमावास्या सरली की उधाण उतरून अष्टमीला भांग येतं. पानी चढत नाय, उघाडी बंद असते, जत्रा पन नसते. त्या दिवशी ये, नि मना तुझ्यासंगं ठाण्यात फिरायला ने."